प्रार्थनेला बसते, पण गप्प बसते

पत्र :

जय ख्रिस्त. मी अहिल्यानगरला सावेडीत राहते. यजमान एमआयडीसीत शिफ्टला असतात. मुलगी साडेपंधरा वर्षांची, मुलगा बारा. लॉकडाऊनमध्ये घरी अभ्यास छान झाला, म्हणून २०२१ मध्ये दोघांची शाळा बंद करून घरीच शिकवायला घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सासरे कोविडने गेले होते, घरात कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. बाहेरचं वारं लागू नये, मुलं प्रभूच्या भयात वाढावीत, हाच हेतू. रोज सकाळी साडेसातला अर्धा तास कौटुंबिक उपासना, एक वचन पाठ, त्यावर प्रश्न आणि मग त्याच टेबलावर गणित. मुलीचा एनआयओएसचा, म्हणजे घरी शिकणाऱ्यांनाही परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, दहावीचा फॉर्म भरला आहे, एप्रिलमध्ये परीक्षा.

जूनपासून मुलगी उपासनेला बसते, डोळे मिटते, ‘आमेन’ म्हणते आणि उठते. पूर्वी गाणी तीच सुरू करायची. विज्ञानावरून वाद घालते. मी एका मैत्रिणीकडून मिळालेली अमेरिकन ख्रिस्ती घरशाळेची पुस्तकं वापरते, तर म्हणते, ‘यात एक लिहिलंय, परीक्षेच्या पुस्तकात दुसरंच.’ गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायच्या विधीच्या, वर्गासाठी नाव मागितलं, तर म्हणाली, ‘माझं नाव देऊ नका. हा विश्वास माझा आहे की तुमचा, तेच मला कळत नाही.’ यजमान खूप चिडले, फोन काढून घेतला. सासूबाई म्हणतात, ‘मिशनच्या शाळेने आपल्याला माणसात आणलं आणि तू पोरांना शाळेतून काढलंस, भोग आता.’ तिला परत शाळेत घालू का? माझं कुठे चुकलं?

— एक आई

उत्तर :

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

मुलीच्या त्या वाक्याने तुम्ही हादरून गेला आहात. मला ते वाक्य वाचून तिच्याबद्दल आदर वाटला. देव नाही, असं ती म्हणालेली नाही. चर्चला येणार नाही, असंही म्हणालेली नाही. मंडळीसमोर उभं राहून ‘माझा विश्वास आहे’ असं सांगायचं तर ते खरं असावं, एवढंच तिचं म्हणणं. मुकाट्याने नाव देऊन ती मोकळी झाली असती. पांढरा ड्रेस शिवला असता, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला असता, फोटो निघाले असते आणि तिच्या मनात काय चाललंय याचा तुम्हाला पत्ताही लागला नसता. ज्या घरातली पोर एवढं खरं बोलू धजते, त्या घरात तुम्ही बरंच काही नीट केलेलं आहे. हे आधी पदरात घ्या.

आता फोनचं. तो आज संध्याकाळीच परत द्या आणि तिच्या बाबांनीच द्यावा. फोनच्या वेळेवर तुमचे घरात काही नियम असतील तर ते तसेच राहू देत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फोन गेला तो नियम मोडल्यामुळे नव्हे, खरं बोलल्यामुळे. यातून ती एकच गोष्ट शिकेल, की या घरात विश्वासाबद्दल विचारलं तर जे ऐकायचंय तेच सांगायचं. पुढच्या वेळी ती तसंच सांगेल आणि तुम्हाला ते गोड वाटेल, मला भीती त्याची वाटते. बायबलमध्ये पौलाने इफिसकरांना लिहिताना मुलांना चिडीस आणू नका असं सांगितलं, ते बापांना उद्देशून. तुमचे यजमान वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाला, ज्या गोष्टीसाठी आपण एवढा खटाटोप केला तीच हातातून निसटतेय असं वाटलं, तो घाबरला आणि ती भीती रागाच्या रूपाने बाहेर आली. हे त्यांनी मुलीला सांगावं. ‘मी घाबरलो होतो’ असं बापाच्या तोंडून ऐकलं की पंधरा वर्षांच्या मुलीचा पवित्रा निम्मा उतरतो.

तुमच्या दिनक्रमाकडे येते. उपासना, पाठांतर, त्यावर प्रश्न आणि मग त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत, त्याच आईसमोर गणित. ताई, तिच्या बाजूने बघा. शाळेत जाणारी मुलगी बाईंवर रुसली तर घरी येऊन आईपाशी रडते, आईशी भांडली तर मैत्रिणीकडे जाते. तुमच्या मुलीची बाई तुम्ही, मुख्याध्यापिका तुम्ही, संडेस्कूलची शिक्षिका तुम्ही आणि आईही तुम्हीच. अपूर्णांक चुकला तरी तुम्ही, वचन विसरलं तरी तुम्ही. अशा घरात श्रद्धा हा नकळत सातवा विषय होऊन बसतो आणि त्या विषयाची परीक्षा रोज सकाळी साडेसातला असते. या वयात मुलांना शिक्षकापासून थोडं लांब सरकायचं असतं. तिला तुमच्यापासून सरकायचं तर देवापासूनही सरकावं लागतं, कारण दोघंही एकाच टेबलाशी बसलेले. घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत हीच अडचण मी वारंवार पाहते, आणि जिथे आई जास्त मेहनती तिथे ती जास्त.

म्हणून उपासना त्या टेबलावरून हलवा. सकाळऐवजी रात्री जेवणं झाल्यावर, खाली सतरंजी टाकून दहा मिनिटं, फार तर पंधरा. एक गाणं, थोडं वाचन, प्रार्थना. वचन पाठ झालं का, अर्थ काय कळला, हे काही विचारायचं नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तुमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून म्हटली जात असतील. पेटी असेल तर पेटीवर, नसेल तर नुसत्या टाळ्यांवर. यजमानांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात ते निघण्याआधी बसा, पण त्यांना वगळू नका. मुलीने बसावं का? माझं मत, बसावं. घरातल्यांनी एकत्र जेवायला बसावं, तसा तो घरचा रिवाज आहे आणि रिवाज पाळायला मनातले सगळे प्रश्न मिटलेले असावे लागत नाहीत. पण तिने मोठ्याने प्रार्थना करावी, गाणं सुरू करावं, डोळे मिटावेत, हा आग्रह आजपासून बंद. ती खिडकीबाहेर बघत बसली तरी बसू दे.

तुम्ही बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेऊन घरी शिकवायला लागलात, असं मी धरून चालते. घरशाळा करणारी बहुतेक कुटुंबं तोच आधार घेतात. तो पुन्हा वाचा. आज्ञा मुलांच्या मनावर बिंबव, असं सांगून लगेच चार वेळा सांगितल्या आहेत : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यातली एकही वेळ वर्गाची नाही. सगळ्या येताजाताच्या, कामाच्या, आळसाच्या वेळा आहेत. आणि आपण सहसा शेवटपर्यंत वाचत नाही ती गोष्ट त्याच अध्यायाच्या अखेरीला आहे. पुढे तुझा मुलगा तुला विचारील, की या आज्ञांचा अर्थ काय? म्हणजे प्रश्न मूल विचारणार आहे, आपण नाही. त्यावर बापाने द्यायचं उत्तर व्याख्यांचं नाही, ते घरच्या हकिकतीचं आहे : आम्ही मिसर देशात गुलाम होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर आणलं.

तुमच्या घरात अशी हकिकत सांगणारं माणूस आहे आणि ते तुमच्यावर रागावून बसलंय. सासूबाईंना विचारा, त्यांच्या घरात पहिला बाप्तिस्मा कुणी घेतला, कुठल्या गावात, गावाने पाणी तोडलं का, बोर्डिंगात काय खायला मिळायचं, कुणी फी भरली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी मुलींना शिकवलं ते याच शहरात आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही त्यांच्याच इथे. ज्या माणसांना पाटीला हात लावू दिला जात नव्हता त्यांची पोरं मिशनच्या शाळांतून मास्तर झाली, नर्स झाली. तेव्हा ‘शाळेतून काढलंस’ हे सासूबाई कुजकट बोलत नाहीत. त्यांच्यासाठी शाळा सोडणं म्हणजे मागे जाणं. मुलीला हे कळलं पाहिजे आणि ते आजीच्या तोंडून कळलं पाहिजे. एखाद्या दुपारी आजी लसूण सोलत असेल तर नातीला शेजारी बसवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात निघून जा. तुमच्या हजेरीत आजी तुम्हालाच ऐकवण्यासाठी बोलेल. विश्वास माझा की तुमचा, असं तुमची मुलगी विचारते आहे. तो कुणाकुणाच्या हातून तिच्यापर्यंत आला आणि त्यासाठी कुणी काय किंमत मोजली, हे ठाऊक झाल्याशिवाय तिला त्याचं उत्तर शोधता यायचं नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडखळले ते सांगते. सासरे कोविडने गेले, हे तुम्ही तारखेच्या ओघात लिहून पुढे गेला आहात. तेव्हा मुलगी अकरा वर्षांची असेल. त्या एप्रिलमध्ये तुमच्या मंडळीत घरोघर प्रार्थना चालू असतील, फोनवरून साखळी प्रार्थना, उपवास. तीही गुडघे टेकून बसली असेल, मनापासून. आजोबा गेले. अंत्यविधीला चार माणसं, मुलांना लांबूनही पाहू दिलं नसेल. आणि नंतर सगळे म्हणाले असतील, प्रभूची इच्छा. यातलं सगळंच तुमच्याकडे असंच घडलं असेल असं नाही. पण त्या वर्षीची इतकी मुलं आता पंधरा-सोळाची होऊन हाच प्रश्न घेऊन येतात, की मी तुम्हाला विचारल्याशिवाय राहू शकत नाही : त्या वेळी तिच्याशी कोण बोललं?

कुणी नसेल बोललं, तर आता बोला. समोरासमोर बसून नव्हे. तिला स्कूटीवर मागे घ्या, चितळे रोडला भाजीला जा, येताना थांबून दोघी उसाचा रस प्या आणि तिथे उभ्या उभ्या सांगा, ‘आजोबांची आठवण येते का गं? मला येते.’ एवढंच. ती ‘हं’ म्हणेल. तुम्हीही पुढे काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, कणीक मळताना नाहीतर रात्री दिवा घालवायला गेल्यावर ती म्हणेल, ‘मम्मी, सगळ्यांनी एवढी प्रार्थना केली, मग उपयोग काय झाला?’

या प्रश्नाला चटकन उत्तर देऊ नका. देवाला ते अधिक प्रिय होते, त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत, सगळं भल्यासाठीच होतं, ही वाक्यं मोठ्यांच्या सांत्वनाला कदाचित चालतील, पण मुलांना त्यात दार लावून घेतल्याचा आवाज ऐकू येतो. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र त्याच्यापाशी सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडून त्यांनी नीटनेटकी उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो त्या उत्तरं देणाऱ्यांवर. ओरडून प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाबद्दल मात्र, तो माझ्याविषयी नीट बोलला, असं देव म्हणतो. हे तिला दाखवा. तेरावं स्तोत्र दाखवा, ज्याची सुरुवातच, परमेश्वरा कुठवर, अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र दाखवा, जे अंधारात संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने मागितलं ते त्याला मिळालं नाही. मेलेल्या लाजरसाला उठवणार हे ठाऊक असूनही तो त्याच्या कबरेकडे निघताना रडला. आणि मग तुम्ही स्वतः त्या दिवसांत देवाला काय बोललात, ते सांगा. भांडला असाल तर भांडले म्हणून सांगा. उत्तर अजून मिळालं नसेल तर नाही मिळालं म्हणा. आईचा विश्वास प्रश्नांसकट टिकून आहे, हे तिने पाहायला हवं. बिनप्रश्नांचा विश्वास ती रोज सकाळी पाहत आली आहे आणि तो तिला स्वतःचा वाटत नाही.

तुम्ही ‘संवाद वाढवू का’ असं विचारलं नाहीत, पण मी सांगते : बोलण्याची वेळ ठरवू नका, बोलण्याच्या जागा वाढवा. मुलं हाताला काम असताना बोलतात. पैशाच्या बाबतीत तर नक्की बोला. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाच्या कामासाठी बाजूला काढता ना? या महिन्यात ती पाकिटं मुलांसमोर काढा. मंडळीला किती, बाहेर कुणाला किती, का. धुण्याभांड्याच्या मावशींची पोर आजारी असेल तर त्यातले त्यांना द्यायचे का, हे मुलीला आणि मुलाला विचारा आणि ती म्हणतील त्याप्रमाणे एकदा तरी करा. शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाद झाला असेल तर क्षमेवरचा धडा त्या दिवशी घेऊ नका. तुम्ही दोघं त्या शेजाऱ्याशी कसं वागता, हे मुलं बघतच असतात.

विज्ञानाच्या पुस्तकांबद्दल मी थेट सांगते, पटलं नाही तरी विचार करा. ती परदेशी पुस्तकं त्या देशातल्या एका विशिष्ट वादातून तयार झालेली असतात. मराठी ख्रिस्ती घरात त्यांचं इंग्रजी, त्यांचे दाखले, त्यांची भांडणं सगळंच उपरं. मुलीच्या परीक्षेला ती उपयोगी नाहीत आणि बारावीला जीवशास्त्र घेतलं तर उत्क्रांतीचं प्रकरण शिकावंच लागणार आहे. आज तुम्ही तिला पवित्र शास्त्र खरं की विज्ञान खरं अशा कोंडीत उभं केलंत, तर उद्या प्रयोगशाळेत एक गोष्ट पटली की ती प्रामाणिकपणे दुसरी टाकून देईल. ती प्रामाणिक आहे, हे तर आता तुम्हाला माहीतच आहे. आनुवंशिकतेचा पाया घालणारा ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठातला संन्यासी होता, मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं वाढवत होता. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचं पहिलं पान कसं वाचायचं याबद्दल देवभीरू ख्रिस्ती माणसांतही एकमत नाही, हे तिला सांगायला घाबरू नका. एनआयओएसचं पुस्तक मुख्य ठेवा, बाकीची कपाटात जाऊ देत. विज्ञान तुमचा विषय नसेल तर एखादी शिकवणी लावा. त्यात कमीपणा काहीच नाही आणि तिला आईशिवाय आणखी एक शिक्षक मिळेल.

दृढीकरणाचं आता फार सोपं आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या वतीने तुम्ही दिलेली वचनं ती स्वतःच्या तोंडाने देणार, तो हा विधी. तिच्याकडे आज ते शब्द नसतील तर थांबणं हाच त्या विधीचा मान. पाळकसाहेबांना दोघांनी भेटून सांगा, की ती या वर्षी नाव देणार नाही, पण तिची इच्छा असेल तर वर्गाला नुसती येऊन बसेल, प्रश्न विचारेल. चांगले पाळक याला नाही म्हणत नाहीत. मंडळीतल्या बायका विचारतील, त्यांना ‘ती वेळ घेते आहे’ एवढं सांगून विषय बदला. घरी मात्र ‘तुझ्यामुळे आम्हाला ऐकून घ्यावं लागलं’ हे वाक्य चुकूनही येऊ देऊ नका.

टिळकांचंच उदाहरण घ्या, ते तर तुमच्या नगरचेच म्हणायचे. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधली काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, एका घरात दोन चुली असाव्यात तसं सोवळं सांभाळलं आणि शेवटी स्वतःच्या मनाने, स्वतःच्या विचाराने पलीकडे गेल्या. कवी टिळकांसारखा माणूस घरात असून कुणाला ओढून नेता आलं नाही. आणि स्वतः चालत आलेल्या लक्ष्मीबाईंचा विश्वास त्यानंतर कुणाच्या आधाराने उभा नव्हता.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं, आणि घरशाळा करणाऱ्या प्रत्येक आईबापाने ते लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. १८५८ सालचा त्यांचा जन्म. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाला घरीच शिकवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या मुलीने विशीत कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली. पण ज्या धर्मासाठी आईबापांनी तिला घडवलं, त्यावरच तिने पुढे प्रश्न विचारले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या थांबल्या नाहीत. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आपलं मानलं त्यांच्याशीही त्या पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या, पटत नाही ते पटत नाही म्हणत राहिल्या. त्याच बाईंनी पुढे केडगावला निराधार बायकामुलींसाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली आणि सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद करता करता आयुष्य संपवलं. घरी शिकवलं की मूल आपल्या साच्यातलं निघेल, ही खात्री अनंतशास्त्र्यांनाही मिळाली नाही. घरी मन लावून शिकवलं तर मूल विचार करायला शिकतं, आणि विचार करणारं मूल विचारणारच. तुमचं शिकवणं फसलेलं नाही. मुलीला एकदा मुक्तीला घेऊन जा, दौंडजवळच्या केडगावला. सहल म्हणूनच जा, त्यावर निबंध लिहायला सांगू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, शाळा. परीक्षा एप्रिलवर आलेली असताना आता काहीही हलवू नका. एनआयओएसची दहावी अकरावीच्या प्रवेशाला चालते, एखादा विषय राहिला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसता येतं, त्यामुळे त्या बाजूने जिवाला घोर लावून घेऊ नका. पण दहावीनंतर तिने कॉलेजात जावं असं माझं स्पष्ट मत आहे, अर्थात तिची इच्छा असेल तर; आणि मला वाटतं असेल. बाहेरचं वारं लागेल म्हणून तुम्ही काळजी करता. सोळाव्या वर्षी ते थोडं लागावं, संध्याकाळी घरी येऊन त्याबद्दल बोलायला आईबाप आहेत तोवर लागावं. अठराव्या वर्षी पुण्याच्या होस्टेलवर एकदम लागण्यापेक्षा हे बरं. सासूबाई निम्म्या बरोबर आहेत, ते मान्य करा आणि त्यांना तसं सांगाही.

तोवर तिला घराबाहेरची माणसं मिळवून द्या. संध्याकाळी वाडिया पार्कला खेळायला, शनिवारी वाचनालयात, एकटीने. मंडळीत एखादी अशी बाई शोधा जी तुमची खास मैत्रीण नाही, जिला मुलीचं काही ऐकलं तर ते तुम्हाला येऊन सांगायचं नाही हे कळतं. एखादी नर्स, एखादी कॉलेजची प्राध्यापिका. तिच्यापाशी मुलगी काय बोलते ते विचारू नका.

धाकट्याला विसरू नका. घरात चाललेलं सगळं तो ऐकतोय आणि या क्षणी ‘मी मात्र शहाणा’ असं वागून दाखवण्याचा मोह त्याला होत असेल. त्याला ताईच्या विरुद्ध वापरू नका, ‘बघ, तो कसा वचन म्हणतो’ वगैरे. येशूही बारा वर्षांचाच होता, मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. मरिया त्याच्यावर रागावली, मग तिला त्याचं उत्तर कळलं नाही आणि तिने ते सगळं मनात जपून ठेवलं. दोन मुलांच्या आईला एवढं सगळं एकदम कळलं पाहिजे, असं कुणी म्हटलेलं नाही.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. फोन परत देताना त्यांनी फार बोलू नये. ‘तू खरं बोललीस ते बरं झालं. मी चिडायला नको होतं. नाव तुला वाटेल तेव्हा दे,’ इतकं पुरे. ती काहीच बोलली नाही तरी थांबून राहू नये, कामावर जावं. उद्यापासून सकाळी साडेसातला थेट गणित सुरू करा. आणि अकरावीचं काय ठरलं, ते निकालानंतर मला जरूर कळवा.